नावापुरती मुलाखत

मुलाखतीला पोहे करायचे की नाहीत, यात रविवारची अर्धी सकाळ गेली.

राऊतांच्या घरात आजवर माणसाला समोर बसवून प्रश्न विचारले गेले ते फक्त लग्न जमवताना, आणि तेव्हा पोहे असायचेच. म्हणून मॅनेजर निवडायचा तर पोहे हवेत, असं जयवंतरावांचं म्हणणं. त्यांच्या मुलीचं, उन्नतीचं म्हणणं असं की मुलाखतीत टेबलावर फक्त पाण्याचा ग्लास ठेवतात. उन्नती अंधेरीला एका औषध कंपनीत माणसं नेमायच्या खात्यात होती आणि सख्ख्या भावाची मुलाखत घ्यायला नालासोपाऱ्याहून सुट्टीच्या दिवशी लवकर उठून आली होती.

"अगं, पन उपाशीपोटी मानूस काय बोलनार?" जयवंतराव म्हणाले.

"उपाशीपोटीच खरं बोलतो, बाबा."

"मग तर करच गं पोहे," लतिका स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाली.

लतिका ही जयवंतरावांची धाकटी भावजय. घरच्या बर्फाच्या कारखान्यात अमोनियाचा पाइप फुटला त्यात तिचा नवरा वसंत गेला, त्याला आता चौदा वर्षं झाली होती. त्याचा अर्धा हिस्सा तिच्या नावावर आला. तो हिस्सा तिने कधी कुणाला बोलून दाखवला नव्हता, त्यामुळे तो सगळ्यांच्या कायम लक्षात असायचा.

स्वयंपाकघरात स्वप्नाने मुकाट्याने पोहे भिजवले. ज्या उमेदवाराचं आज ठरायचं होतं त्याची ती बायको. बायकोने पोहे करणं नियमात बसतं का, हे नणंदेला विचारावं असं तिच्या मनात येऊन गेलं. पण या घरात प्रश्न विचारण्याइतकी ती अजून रुळली नव्हती. तिचा नवरा विघ्नेश ठाण्याला ज्या रंगाच्या कंपनीत होता ती बंद पडली, भाड्याची खोली सोडली आणि 'बाबांनी कारखाना बघायला बोलावलंय' असं शेजाऱ्यांना सांगून दोघं दिवाळीत होळी गावच्या या घरी आले. बाबांनी बोलावलं नव्हतं. नको असंही म्हटलं नव्हतं. ठाण्याच्या संसाराची दोन मोठी खोकी सुतळीने बांधलेली तशीच जिन्याखाली पडून होती. मॅनेजरचं ठरलं की सोडू, असं दोघांनी आपसांत ठरवलं होतं.

पाचूबंदरच्या रस्त्यावरच्या राऊतांच्या बर्फाच्या कारखान्याला आजवर मॅनेजर नव्हता. शेठ होते, आणि शेठ नसले की बोंब होती. पण पावसाळा संपता संपता जयवंतरावांच्या छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी त्यांना जिने, अमोनिया आणि ओरडणं, तिन्ही वर्ज्य केली. या तिन्हींशिवाय कारखाना चालवायचा कसा हे जयवंतरावांना माहीत नव्हतं. तेव्हा मॅनेजर नेमायचा ठरला. विघ्नेश घरात मोकळाच होता. "बसवा की त्याला, माझी काही हरकत नाही," असं लतिका इतक्या चटकन म्हणाली की जयवंतरावांना आठवडाभर झोप लागली नाही. बाई हरकत घेती तर बरं झालं असतं. हरकत नसलेला भागीदार पुढे कधीतरी 'मी तेव्हा बोलले नाही' असं म्हणतो.

"मग मुलाखत घ्या," उन्नतीने फोनवर सुचवलं. "प्रोसेस केली की कुणी बोट दाखवू शकत नाही."

"मुलाची मुलाखत बापाने घ्यायची?"

"पॅनल असतं, बाबा. तुम्ही, काकी आणि मी."

"नावापुरती आहे रे," असं विघ्नेशला नंतर तिघांनीही वेगवेगळं सांगितलं. जयवंतरावांनी दाढी करताना, आरशातल्या विघ्नेशकडे बघून. लतिकाने वालाच्या शेंगा सोलता सोलता. उन्नतीने फोनवर, निम्मं इंग्रजीत. तिघांनी सांगितल्यावर विघ्नेशला खरंच धीर आला. त्याने इस्त्रीवाल्याकडे शर्ट टाकला.

अडचण उन्नतीनेच काढली. उमेदवार एकच असेल तर त्याला निवड म्हणत नाहीत, दुसरा कुणीतरी हवा. दुसरा म्हणून ग्लेनचं नाव निघालं, कारण तो कुवेतला चालला होता. ग्लेन हा लॉरेन्सचा मुलगा. लॉरेन्सने उभा जन्म राऊतांचा कॉम्प्रेसर सांभाळला आणि आता तो ग्लेन सांभाळत होता. कुवेतमधल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये स्टोअरकीपरची जागा अंधेरीच्या एजंटने त्याला जवळजवळ मिळवून दिली होती. जयवंतराव स्वतः कारखान्याच्या दाराशी जाऊन त्याला सांगून आले.

"रविवारी दुपारी घरी ये जरा. मुलाखत हाय."

"कसली, शेठ?"

"मॅनेजरची."

"कोणाची?"

"तुझी."

ग्लेनने हात पुसले. "पण मी चाललोय ना कुवेतला."

"म्हनूनच तर," जयवंतराव म्हणाले. "नावापुरती हाय. पोहे खाऊन जा."

*

जेवणाचं टेबल ओढून बाहेरच्या खोलीत आणलं होतं. एका बाजूला तीन खुर्च्या, समोर एक. वसंताचा हार घातलेला फोटो नेमका परीक्षकांच्या डोक्यावर आला, त्यामुळे उमेदवाराला पॅनल चौघांचं दिसत होतं.

विघ्नेश आतल्या खोलीतून निघाला, घराला वळसा घालून पुढच्या दाराने आत आला. असं उन्नतीने सांगितलं होतं.

"पूर्ण नाव?" तिने विचारलं.

"ताई?"

"सगळ्यांना विचारतो आम्ही."

"विघ्नेश जयवंत राऊत."

"वडील काय करतात?" हा प्रश्न जयवंतरावांचा. लग्नाच्या बैठकींमधून तो त्यांना पाठ होता आणि नकळत तोंडातून निघून गेला.

विघ्नेशने जरा विचार केला. "मुलाखत घेतात."

लतिका फस्सकन हसली. उन्नतीने पेन कागदावर टेकवलं, हसण्याला मार्क कुठल्या रकान्यात द्यायचे ते तिला कळेना, तिने पेन उचललं.

"समजा, तुमच्या हाताखालचा एक माणूस रोज उशिरा येतो. काय कराल?"

"आधी समजावून सांगेन. मग ताकीद देईन. मग..." विघ्नेशने टेबलाकडे बघितलं. टेबलावर लहानपणी त्यानेच कंपासच्या टोकाने कोरलेलं 'वि' होतं. "मग वरिष्ठांना कळवेन."

"वरिष्ठ कोन?" जयवंतरावांनी विचारलं.

"तुम्ही."

"मग मला मॅनेजर कशाला पायजे?"

यावर विघ्नेशने 'टीमवर्क' असं काहीतरी म्हटलं. त्याने रात्री पुस्तक वाचलं होतं आणि ते आता त्याच्या अंगावर नव्या कपड्यासारखं टोचत होतं. त्याला नोकरी पाहिजे होती. ती किती पाहिजे आहे हे या खोलीत दिसू द्यायचं नव्हतं, आणि सगळी शक्ती त्यातच चालली होती.

"बरं, शेठचं चुकतंय असं दिसलं तर?" जयवंतरावांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी स्वतः तयार केला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

विघ्नेश वडिलांकडे बघून म्हणाला, "तुमचं कधी चुकलेलं मी बघितलं नाही, बाबा."

जयवंतरावांना हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. त्यांना उगाचच थकल्यासारखं झालं.

"काकी, तुमचा काही प्रश्न?" उन्नतीने विचारलं.

"मला काही नाही विचारायचं," लतिका म्हणाली. "घरचाच आहे."

मग ग्लेन आला. तो मिस्सावरून घरी जाऊन, जेवून, तेच चर्चचे कपडे घालून आला होता. चपला दाराबाहेर काढल्या, खुर्चीवर मागे रेलून बसला. नोकरी नको असलेल्या माणसाइतकी चांगली मुलाखत कुणी देत नाही, हे उन्नतीला अनुभवाने माहीत होतं.

"हाताखालचा माणूस रोज उशिरा येत असेल तर?"

"कोण येतो उशिरा?"

"समजा."

"नाही, पण कोण? आपल्याकडे उशिरा मीच येतो, मॅडम. रविवारी. फादरचं प्रवचन लांबतं."

"शेठचं चुकलं तर काय करशील?" जयवंतरावांनी विचारलं.

"शेठना सांगायचं. मग शेठ म्हणतील तसं करायचं."

"तसंच करायचं तर सांगायचं कशाला?"

"नंतर म्हणता येतं ना, शेठ, मी सांगितलं होतं."

जयवंतराव हसले. छातीला हात लावून हसणं थांबवलं.

"पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतोस?" उन्नतीने अखेरचा प्रश्न विचारला.

"कुवेतला," ग्लेन म्हणाला.

तो उठताना लतिकाने विचारलं, "लॉरेन्सचा खोकला कसा आहे रे?"

"आहे तसाच, काकी. आता मिस्सा पण घरात रेडिओवरच ऐकतात."

लतिकाने मान हलवली. फोटोकडे बघितलं नाही. लॉरेन्सचा खोकला चौदा वर्षांचा होता. पाइप फुटला त्या दिवशी सगळे बाहेर पळत असताना तो आत गेला होता आणि वसंताला खांद्यावर टाकून बाहेर आला होता. उशीर झाला होता, पण तो गेला होता.

*

दोन्ही उमेदवार ओट्यावर पोहे खात बसले. आत मार्क आणि अंगचे गुण यांवर वाद झाला. उन्नतीने रकाने भरले होते, पण जयवंतरावांनी तो कागद उलटा करून ठेवला.

"मार्क तुझ्याजवल ठेव. आपल्या घरात निकाल गाडग्यातून लागतो."

गाडग्यांची पद्धत जयवंतरावांच्या वडिलांनी, दाजींनी घालून दिलेली. माणसाला तोंडावर नाही म्हणायची लाज वाटते, म्हणून. माजघराच्या कोपऱ्यात दोन गाडगी ठेवायची, एकाच्या तोंडाला लाल फडकं, दुसऱ्याच्या पांढरं. प्रत्येकाने एक सुपारी आणि एक चिंचोका मुठीत घेऊन एकट्याने आत जायचं. मनातलं असेल ते लाल गाडग्यात सोडायचं, उरलेलं पांढऱ्यात. पांढरं गाडगं कुणी न बघता विहिरीत रिकामं करायचं. लाल गाडगं, ज्या बाईने मत टाकलेलं नाही तिने उघडायचं. दाजींनी शेत विकून कारखाना घातला तो असाच. आणि त्या दिवसापासून लाल गाडग्यातून दर वेळी एकाच जातीचं बी निघालं होतं. निम्म्या सुपाऱ्या, निम्मे चिंचोके असं या घराने कधी बघितलंच नाही. राऊत याला एकोपा म्हणत.

"सुपारी विघ्नेश, चिंचोका ग्लेन," जयवंतराव म्हणाले आणि पहिले आत गेले.

माजघरात अंधारं होतं. विघ्नेशचं ठरलेलंच आहे, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. बहीण भावाला टाकणारच. लतिकाची तर हरकतच नव्हती. म्हणजे दोन सुपाऱ्या आल्याच, आणि तिघांत दोन पुरतात. तेव्हा आपलं मत मोकळं आहे. उद्या देवळाच्या ओट्यावर कुणी म्हणालं की जयवंताने पोराला बसवला, तर छातीवर हात ठेवून सांगता येईल की मी तर लॉरेन्सच्या पोराला टाकलं होतं. तसं कुणी म्हणालंच तर. 'तुमचं कधी चुकलेलं बघितलं नाही' हे वाक्य त्यांच्या कानात अजून होतं. त्यांनी चिंचोका लाल गाडग्यात सोडला. फार हलकं वाटलं.

लतिका गेली तेव्हा तिला याच कोपऱ्यातली मागची खेप आठवली. वसंताला जाऊन दोन महिने झाले होते आणि कारखाना चालू ठेवायचा का, यावर गाडगी मांडली होती. तिला तो बंद व्हायला हवा होता. पण बाकीचं कुणीतरी नाही म्हणेल, आपणच कशाला वाईट व्हा, म्हणून तिने 'चालू'ची सुपारी टाकली. सगळ्या सुपाऱ्याच निघाल्या. नंतर कित्येक दिवस तिला वाटत राहिलं, आणखी कुणाची तरी सुपारी आपल्यासारखीच होती का. विचारणार कुणाला? आज तसं काही नव्हतं. बाप आणि बहीण आहेत, पोराचं होईल. पण लॉरेन्सच्या मुलाला बोलावून आणलं, समोर बसवलं आणि त्याच्या नावाने एकही बी पडलं नाही, हे पाचूबंदरला लॉरेन्सच्या कानावर गेलं तर? एक तरी पडावं. तिने चिंचोका सोडला. आत दुसऱ्या कशावर तरी तो टकटकला. भावोजींची सुपारी, ती मनात म्हणाली.

उन्नती माजघरात सगळ्यांत जास्त वेळ होती. तिच्या कागदावर ग्लेनला जास्त मार्क पडले होते, पण त्याने काही बिघडत नव्हतं. बाबा आणि काकी काय टाकणार ते उघड होतं. तिला खटकत होतं ते वेगळंच. तिन्ही सुपाऱ्या निघाल्या तर ही मुलाखत होती यावर कुणाचाच विश्वास बसणार नाही. एक मत विरुद्ध असलं की प्रोसेस खरी वाटते. शिवाय दिवाळीपासून आजपर्यंत या घरात एकानेही, गमतीत सुद्धा, 'उन्नती, तू बघशील का कारखाना' असं म्हटलं नव्हतं. माणसं नेमायचं काम ती बारा वर्षं करत होती. तिला नेमावं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ती रागावली नव्हती. तिने चिंचोका जरा जोरात टाकला, इतकंच.

बाहेर ओट्यावर ग्लेन ताटलीतला शेवटचा शेंगदाणा शोधत होता.

"विघ्नेशदादा, तुमचं झालं की माझं एक काम करा."

"बोल ना."

"एजंटला अनुभवाचं सर्टिफिकेट पाहिजे. मॅनेजरची सही लागते म्हणतो. आपल्याकडे मॅनेजरच नव्हता, म्हणून अडलंय."

"उद्याच देतो," विघ्नेश म्हणाला. असं म्हणताना त्याचा आवाज त्याला स्वतःलाच नवा वाटला. दिवाळीपासून प्रथमच कुणीतरी त्याच्याकडे काहीतरी मागितलं होतं. सही पूर्ण करायची की नुसती आद्याक्षरं, याचा तो विचार करू लागला.

"आत या रे," जयवंतरावांनी हाक मारली.

"मी कशाला?" ग्लेन म्हणाला. "तुम्ही जा. मी ताटल्या विसळतो."

*

स्वप्नाने लाल फडक्याची गाठ सोडली आणि गाडगं टेबलावर उपडं केलं.

तीन चिंचोके टेबलावर घरंगळले. एक 'वि'च्या खाचेत अडकून थांबला.

मघाशी आणलेल्या पाण्याच्या ग्लासवर माशी बसली होती. जयवंतरावांनी ती हाकलली, ती परत बसली. त्यांनी लतिकाकडे बघितलं. म्हणजे या बाईची हरकत होती तर. लतिकाने उन्नतीकडे बघितलं. सख्खी बहीण. उन्नतीने वडिलांकडे बघितलं आणि तिला आयुष्यात प्रथमच त्यांची भीती वाटली.

स्वप्नाने गाडग्यात हात घालून बघितलं. आत काही नव्हतं. तिने चौघांकडे एकेक करून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मी चुकून पांढरं आणलं का?"

फडकं तिच्या डाव्या हातात होतं. लाल होतं. पण तिने ते मुठीत असं चुरगाळून धरलं होतं की एखाद्याला बघायचंच नसेल तर दिसलं नसतं. एका माणसाने 'हो, अगं, पांढरंच ते' एवढं म्हणायचं होतं. जयवंतरावांना वाटलं, लतिका म्हणेल. तिने म्हटलं तर शोभेल. लतिकाला वाटलं, बाप म्हणेल. उन्नतीला वाटलं, आता कुणीतरी म्हणेलच.

"नाही," दारातून विघ्नेश म्हणाला. "लालच आहे."

स्वप्नाने मूठ उघडली.

"पुन्हा टाकूया का?" लतिका म्हणाली.

"या घरात गाडगं पुन्हा मांडलेलं नाही," जयवंतराव म्हणाले. त्यांचा सगळा जीव कुणीतरी त्यांना खोडून काढावं याकडे लागला होता. कुणी खोडलं नाही. शेठ बोलले होते.

"निवड झालेल्याला लगेच सांगायचं असतं," उन्नती यंत्रासारखी म्हणाली. "आणि न झालेल्याला पत्र..." मग ती थांबली.

"मीच सांगतो," विघ्नेश म्हणाला आणि बाहेर गेला.

ग्लेन मोरीपाशी ताटल्या विसळत होता. विघ्नेशने सांगितल्यावर तो हसला, मग त्याच्या खांद्यावरून आतल्या तिघांचे चेहरे त्याला दिसले आणि हसू ओठांवर तसंच राहिलं.

"दादा, मी नुसता खुर्ची भरायला आलेलो."

"भरली," विघ्नेश म्हणाला.

*

संध्याकाळपर्यंत पाचूबंदरला कळलं होतं. सालोमीने, ग्लेनच्या आईने, सायबीण मातेच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, आजूबाजूच्या घरांत केक वाटला आणि पोरगा परदेशात जाणार नाही म्हणून पदराने डोळे पुसले. खोकत खोकत लॉरेन्स स्वतः रिक्षा करून होळीला आला, लतिकाचे हात हातात घेतले, बोलता येईना म्हणून तसाच बसून परत गेला. यानंतर निकाल फिरवणं कुणाच्याच हातात राहिलं नाही.

जयवंतराव दुसऱ्या दिवशी विहिरीपाशी विघ्नेशला गाठून उभे राहिले. पंपाचं पाणी नीट येत नाही, असं काहीतरी बोलले. मग म्हणाले, "मी चिंचोका टाकला. मला वाटलं, त्या दोघी तुला टाकनार. लोकांनी बोट दाखवू नये म्हनून रे. कुनाला बोलू नकोस."

"नाही बोलणार."

लतिकाने त्याला वालाच्या शेंगांसमोर बसवून सांगितलं. "मला वाटलं, घरचे दोघं आहेतच तुला. एक त्या लॉरेन्ससाठी टाकला. भावोजींना कळू देऊ नकोस हं, त्यांना वाटेल मी हिशेब चुकता केला."

"नाही कळू देणार, काकी."

उन्नतीचा फोन बुधवारी आला. ती बराच वेळ प्रोसेसबद्दल बोलली. मग म्हणाली, "विघू, खरं सांगू, मला वाटलं..."

"बाकीचे दोघं मला टाकतील," विघ्नेशने वाक्य पुरं केलं.

"तुला कसं कळलं?"

"अंदाज," तो म्हणाला. "नाही सांगणार कुणाला."

आता संपूर्ण घरात खरं काय झालं ते माहीत असलेला माणूस तो एकटाच होता. तिघांना एकत्र बसवून सांगितलं असतं तर तिघं रडली असती, आणि कदाचित बरंही झालं असतं. पण सांगायचं काय? की तो त्या खुर्चीत बसावा असं तिघांनाही वाटत होतं, फक्त त्यासाठी सुपारी दुसऱ्याने खर्च करावी अशीही तिघांची इच्छा होती? हे सांगून मिळालेल्या खुर्चीत बसता येईल का, याचा त्याने दोन दिवस विचार केला. मग सोडून दिला.

शनिवारी तो कारखान्यात गेला. ऑफिसात ग्लेन जयवंतरावांच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता, जणू खरा मालक आत्ता येईल आणि उठायला सांगेल. विघ्नेशला बघून तो उठलाच.

"बस रे."

"तुम्ही बसा, दादा."

दोघंही उभे राहिले. पलीकडे बर्फाच्या लाद्या साच्यांतून सुटून लाकडी फळ्यांवर आपटत होत्या.

"मी येत नाही असं एजंटला कळवलं," ग्लेन खिडकीकडे बघत म्हणाला. "माझी जागा मोकळी झालीय तिकडे. स्टोअरकीपरचीच आहे. तुम्ही स्टोअर्समध्येच होतात ना ठाण्याला?"

विघ्नेशने होकार दिला.

"मी बोललो त्याच्याशी. विचारल्याशिवाय बोललो, रागावू नका. इथल्या अनुभवाचं सर्टिफिकेट लागेल, ते मी..." त्याने टेबलावरचं पेन उचललं आणि परत ठेवलं. "सही काय पूर्ण करतात?"

"पूर्ण कर. शिक्क्याच्या वर."

ग्लेनने आयुष्यातली पहिली मॅनेजरची सही केली. ती कागदाच्या कडेपर्यंत गेली.

"गुरुवारी मुलाखत आहे, अंधेरीला," कागद देताना तो म्हणाला. "टेन्शन नका घेऊ. एजंट म्हणतो, नावापुरती आहे."

विघ्नेश घरी आला तेव्हा स्वप्ना जिन्याखाली बसली होती. आठवडाभर वाट बघून तिने शेवटी पहिल्या खोक्याची सुतळी सोडायला घेतली होती. एक गाठ सुटली होती आणि आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कपबशा दिसत होत्या.

"राहू दे," तो म्हणाला. "बांध पुन्हा."

तिने वर बघितलं. त्याने गुरुवारचं सांगितलं, कुवेतचं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग झाकण खाली दाबलं आणि सुतळीचं टोक दातांत धरून गाठ आवळली.

"नावापुरती आहे म्हणतात," विघ्नेश म्हणाला.

"दुसरा कोण आहे," स्वप्नाने विचारलं, "ते विचारलंत?"